ओल्या पुळणीवरचं माप

भिकाबा मेस्त्री माणसाला ओळखायचे ते खालून वर. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, आणि एवढं पाहून सवड उरली तर तोंड. बाजारात कुणी "काय भिकाबा, बरा मां?" अशी हाक मारली की त्यांची नजर पहिल्यांदा जमिनीवर जायची आणि तिथूनच उत्तर यायचं, "बरा आसा. तुजी टाच फाटली मां रे? तेल लाय थोडा." हाक मारणारा कोण होता, हे त्यांना त्यानंतर कळायचं.

मी त्या गावात शिक्षिका म्हणून गेले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मालवणहून दक्षिणेला निघून दोन खाड्या होडीने ओलांडल्या की ते गाव यायचं. मी घाटावरची. मला मालवणी बोली कळत नव्हती, माशांचा वास सोसत नव्हता, आणि वर तेविसाव्या वर्षी मी डाव्या पायाने लंगडत होते. लहानपणी आंब्यावरून पडले होते आणि हाड जुळलं ते त्याच्या मर्जीने जुळलं. लंगडणं दिसू नये म्हणून मी फार सावकाश चालायची. गावातल्या बायका म्हणायच्या, नव्या बाई काय ऐटीत चालतात! मी त्यांचा गैरसमज जपून ठेवला होता.

तो भिकाबांनी पंधराच दिवसांत मोडीत काढला. शाळेच्या फळ्याचा स्टँड डुगडुगत होता म्हणून हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. साठीच्या आसपासचे, काटकुळे, कमरेला पंचा, कानावर पेन्सिलीचा तुकडा. त्यांनी स्टँडचा आखूड झालेला पाय पाहिला. मग वर्गातून चालत गेलेल्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, पाहिलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "बाईनू, ह्या फळ्याचो आणि तुमचो एकच आजार!"

चाळीस मुलं हसली. मी रडायची तेवढी बाकी राहिले. दोन दिवस मी त्या माणसाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी सुकती आसा. पाणी मागे गेला काय पुळणीर येवा. काठयेचा माप घेवचा आसा."

"मला काठी नको आहे," मी शक्य तितक्या शुद्ध मराठीत सांगितलं. "काठी म्हाताऱ्यांना लागते."

भिकाबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "देवळात तरंग बघितलात?"

मी पाहिले होते. त्या बाजूला ग्रामदेवतेचे तरंग असतात. पुरुषभर उंचीहून लांब लाकडी काठी, तिला नेसवलेली लुगडी आणि वर देवाचा मुखवटा. एरवी देव गाभाऱ्यात असतो, पण दसऱ्याला सीमेवर जायला निघाला की या काठीवरून निघतो. त्या काठ्या भिकाबांच्या पणजोबांनी घडवल्या होत्या.

"देव भायर पडता तो काठयेर," भिकाबा म्हणाले. "तेका लाज नाय. मगे तुमकाच कित्याक?"

दुसऱ्या दिवशी मी पुळणीवर गेले.

त्यांची माप घ्यायची पद्धत मी पुढे कुठेही पाहिली नाही. ओहोटीचं पाणी मागे सरून वाळू ओली, घट्ट, पाटीसारखी झाली की ते माणसाला अनवाणी चालायला लावायचे. पन्नास पावलं. बोलायचं नाही, गायचं नाही, आणि मुख्य म्हणजे मागे वळून पाहायचं नाही. "मागे बघू नकात!" असं ते दर दहा पावलांना ओरडायचे. "माणूस मागे बघता तेव्हा तेची चाल खोटी होता." मग ते उकिडवे बसून एकेक पाऊल वाचत जायचे. कुठे टाच रुतली, कुठे अंगठ्याने वाळू उकरली, कुठला पाय अंग चोरतो. दुखरा पाय ठरला की काठी त्याच्या उलट हातात. हा त्यांचा नियम होता आणि त्यात फेरबदल नव्हता.

माझी पावलं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बाईनू, पाय बरो आसा तुमचो. तुमी तेका लपयतास म्हणान तो रुसता."

काठीला लाकूड काजऱ्याचं. कडू जहर, वाळवी तोंड लावत नाही. काठी तोडायला ते डोंगरात जायचे ते पाऊस सरल्यावर, खांद्यावर कोयता-कुऱ्हाड घेऊन. मागून दहा पावलांवर त्यांची बायको, जनाकाकी, डोक्यावर टोपली घेऊन. येताना टोपलीत सरपण आणि वर काठ्यांची मोळी. भिकाबा वाटभर बोलत असायचे, तोंड पुढे करून, समोरच्या हवेशी. काकी मागून "हूं" म्हणायची. तिचं बोलणं मी कितीतरी वर्षं तेवढंच ऐकलं होतं.

आणलेली काठी महिना-दीड महिना चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडायची. मग मडक्यात वाळू तापवून तीत काठीचं टोक पुरायचं, मऊ झालं की अंगणातल्या खांबाला वळवून सुंभाने करकचून बांधायचं. दोन दिवसांनी सोडलं की मूठ तयार. मग खरवताचा पाला. त्याची पानं मांजराच्या जिभेइतकी खरबरीत असतात, त्यांनी घासून घासून काठी गुळगुळीत करायची आणि शेवटी उंडीचं कडू तेल. एवढं करूनही काठी लगेच मिळत नसे. ती एक दिवस त्यांच्या ओसरीच्या भिंतीला टेकून उभी राहायची. घसरून पडली तर परत घासायला. "उभी रव्हाक शिकली काय मगे देतंय," म्हणायचे.

माझी काठी दोनदा पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली. ती घेऊन मी बाजारात गेले आणि परत आले, आणि घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आज मी पावलं मोजली नाहीत. लहानपणापासून मी पावलं मोजत चालत होते. मला इतका आनंद झाला की मी विनाकारण पुन्हा बाजारात गेले आणि नको असलेली कोकमं घेऊन आले.

दर वर्षी दसऱ्याच्या आधी भिकाबा गावातल्या सगळ्या काठ्या परत मागवायचे. कुणी वाकलेला असायचा, त्याची काठी बोटभर उतरायची. कुणाच्या मुठीला अंगठ्याने खळगा पाडलेला असायचा, तो ते बुजवायचे नाहीत, उलट थोडा खोल करून द्यायचे. माणूस बदलतो तशी काठी बदलली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एखाद्याची काठी दोन वर्षं तशीच राहिली तर त्यांना संशय यायचा की हा घरात नुसता बसून आहे. मग त्याला पुळणीवर हजर व्हावं लागायचं.

त्यांच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्यांत गंगाराम तांडेल पहिला. चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. होडी मोडीत निघाली, गुडघे गेले, आणि तांडेल घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देऊ लागला. काठीचं नाव काढलं की म्हणायचा, "माका काठी दिलास तर तीच तुज्या टाळक्यात घालीन!" भिकाबांनी वाद घातला नाही. मोडलेल्या होडीच्या सुकाणूचा दांडा त्यांनी मागून आणला. चाळीस वर्षं तांडेलाच्या मुठीत झिजलेला. मुठीकडची बाजू त्यांनी जराही तासली नाही. खालून बारीक केला, टोकाला लोखंडाची कडी बसवली आणि तांडेलाच्या खळ्यात भिंतीला टेकवून ठेवला. "काठी न्हय ती," म्हणाले. "होडयेची याद म्हणान ठेव."

आठवड्याने तांडेल बाजारात उभा. हातात दांडा. कुणी हसलं की डोळे वटारून म्हणायचा, "काठी न्हय रे! सुकाणू आसा. तेका जरा फिरवक हाडलंय." पुढे मरेपर्यंत त्याने सुकाणू रोज दोनदा फिरवून आणलं.

एका मे महिन्यात मुंबईहून आलेले एक चाकरमानी पितळी मुठीची, लाखेची चकचकीत काठी घेऊन त्यांच्याकडे आले. सूट नव्हता, पण चालण्यात होता. काठी जरा बोटभर कमी करून द्या, म्हणाले. भिकाबांनी त्यांनाही पुळणीवर पन्नास पावलं चालवलं, उन्हात, धोतर सावरत. पावलं वाचली आणि काठी जशीच्या तशी परत दिली. "कापूची गरज नाय. ही काठी पुळणीक लागूकच नाय खंय. तुमी तिका उचलून फिरवतास, ती बिचारी दमली आसतली." गृहस्थ आधी लाल झाले, मग इतके हसले की खाली बसावं लागलं. जाताना आपल्या आईसाठी मात्र एक काजऱ्याची काठी घेऊन गेले.

असा सगळ्या गावाची चाल पाठ असलेला माणूस एका श्रावणात स्वतःच पडला. खरवताचा पाला आणायला डोंगरात गेले होते, ओल्या कातळावरून पाय सटकला आणि भिकाबा बसते झाले. कमरेत चमक भरली. वैद्यांनी लेप दिले, महिन्याने उठले, पण चाल गेली. कुठला तरी एक पाय फरपटत होता आणि कुठला ते त्यांनाही सांगता येईना. दुखत होती कंबर, पाय नव्हेच.

आणि दसरा महिन्यावर आला होता. दसऱ्याला तरंगाच्या पुढे सीमेपर्यंत चालायचा मान मेस्त्र्यांच्या घराचा. मान म्हणजे स्वतःच्या पायांनी चालायचं, कुणाचा हात धरायचा नाही. ज्याला जमत नाही त्याचा मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो, आणि गेला की परत येत नाही. भिकाबांना मूलबाळ नव्हतं. पणजोबांनी घडवलेल्या काठीच्या पुढे चालणं, एवढीच त्यांची वर्षाची एक मोठी गोष्ट होती. काठी घेऊन चाललं तर चालेल का, असं कुणीतरी गावकऱ्याला, म्हणजे देवळाच्या मुख्य मानकऱ्याला, विचारलं. तो म्हणाला, "देव काठयेर चलता. भिको चललो तर काय झाला?" माझ्याशी घातलेला वाद भिकाबांनी गावभर घातला असणार, हे मला तेव्हा कळलं.

म्हणजे प्रश्न फक्त काठीचा होता. आणि काठी करणारा तर घरातच होता! आम्ही सगळे निर्धास्त झालो.

भिकाबा ओहोटीला पुळणीवर गेले, पन्नास पावलं चालले आणि स्वतःची पावलं वाचली. उजवी टाच खोल रुतली होती. त्यावरून डावा पाय दुखरा ठरला, काठी उजव्या हाताची झाली. माळ्यावरच्या वाळलेल्या लाकडातून केली, वापरून पाहिली तर आखूड. दुसरी केली, ती लांब झाली. ती त्यांनी रागाने परसात फेकली, आणि काकीने उचलून दोडक्याच्या मांडवाला टेकू दिला. तिसरी लांबीला बरोबर होती, पण ती घेऊन चाललं की कंबर आणखी दुखायची. तिसरी न्हाणीच्या चुलीत गेली.

चौथ्या मापाला त्यांनी मला बोलावलं. दसऱ्याला पाच दिवस होते. "बाईनू, तुमी शिकलेली माणसा. जरा मागे रवान बघा." मी काठी टेकत त्यांच्या मागे गेले आणि जे दिसलं ते पाहून मला हसू आवरेना. भिकाबा दर चार पावलांना उजवीकडून मागे वळून स्वतःच्या पावलांकडे बघत होते. वळलं की उजवी टाच रुतायचीच! सगळ्या गावाला "मागे बघू नकात" म्हणून दामटवणारा माणूस!

"भिकाबा, मागे बघू नका!" मी ओरडले.

ते जागच्या जागी थबकले. चेहरा चोरी पकडलेल्या मुलासारखा झाला होता. मग ते न वळता चालले. पण सवय अशी की मान वळलीच. पुन्हा चालले, पुन्हा वळली. शेवटी मी पावलं वाचून काहीतरी सांगितलं, ते त्यांना मुळीच पटलं नाही. "तुमी पोरांच्यो वह्यो तपासा," म्हणाले आणि ओल्या वाळूवर बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

तेवढ्यात कालवं काढून जनाकाकी खडपाकडून, किनाऱ्याच्या खडकांकडून, आली. डोक्यावर टोपली. ती आमच्याजवळ थांबली, आणि इतक्या वर्षांत मी तिचं पहिलं पूर्ण वाक्य ऐकलं.

"पाय काय बघतास? तुमचो उजवो खांदो पडता."

भिकाबांनी वर पाहिलं. "काय?"

"पडल्यापासून तुमचो उजवो खांदो दर पावलाक खाली जाता. उजवो पाय दुखरो तुमचो. काठी डाव्या हातात व्हयी."

"तुका कसा म्हायत?"

"चाळीस वर्सां डोक्यार टोपली घेवन तुमच्या मागसून चलतंय," काकी म्हणाली. "टोपली आसली काय माणसाक खालचे पाय दिसनत नाय. फुडचो खांदोच दिसता."

भिकाबांनी ओल्या वाळूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खांद्याचो ठसो पुळणीत उठना नाय." आणि एकदम उसळून, "मगे आदी कित्याक सांगूक नाय गो?"

"तुमी विचारलात कधी?"

ते हसायला लागले. आधी पोटात, मग मोठ्याने, कमरेला हात लावून "आयगे आयगे" करत. काकीही हसली. टोपलीतून दोन कालवं खाली पडली, ती मी उचलून दिली.

घरी जाऊन काकीने दोडक्याच्या मांडवाखालची काठी ओढून काढली. मांडव एका बाजूला बसला. उजव्या हाताला लांब झालेली ती काठी डाव्या हाताला अशी बसली की भिकाबा तिच्याकडे नुसते बघतच राहिले. सवयीने त्यांनी करवत उचलली. "बोटभर काढतंय."

"नको," काकी म्हणाली.

"अगो, अर्दा बोट."

"नको म्हटला मां!"

करवत खाली ठेवली गेली. मूठ तेवढी डाव्या हातासाठी तासली, खरवताने घासली, तेल दिलं. काठी ओसरीच्या भिंतीला टेकवली आणि आम्ही तिघं तिच्यासमोर बसून राहिलो. ती पडली नाही.

दसऱ्याला ढोल वाजले, तरंग देवळाबाहेर आले, आणि त्यांच्यापुढे भिकाबा निघाले. पांढरा सदरा, डाव्या हातात काजऱ्याची काठी, मुठीजवळ दोडक्याच्या वेलाचा हिरवा डाग तसाच. तरंगांच्या मागे गाव. त्या गर्दीत मला गंगाराम तांडेल दिसला, सुकाणू टेकत. त्याच्याशेजारी दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत, मग भटजींचे वडील, मग मी. आम्ही काही ठरवलं नव्हतं. वाकडी-तिकडी सहा-सात माणसं, एकमेकांच्या काठ्यांत पाय अडकवत, हसत, सीमेपर्यंत गेलो आणि परत आलो. भिकाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सोनं वाटताना मी त्यांना विचारलं, "कंबर?" तर म्हणाले, "कंबर खंय आसा तीच माका गावना नाय आज!"

त्या गावात मी आठ वर्षं काढली. मग कणकवलीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी भिकाबांनी माझी काठी मागवून घेतली, मुठीतला माझ्या अंगठ्याचा खळगा थोडा खोल केला आणि परत दिली. पैसे विचारले तर रागावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीच्या तोंडाशी होडीची वाट बघत उभी होते. ओहोटी होती. समोरच्या पुळणीवरून दोघं येताना दिसली. पुढे काठी टेकत भिकाबा, हवेशी बोलत. मागे दहा पावलांवर काकी, डोक्यावर टोपली. ओल्या वाळूत भिकाबा थांबले. मागे आले. काकीच्या डोक्यावरची टोपली त्यांनी उजव्या हाताने उतरवून खाली ठेवली. वारा माझ्या बाजूचा होता आणि भिकाबांना हळू बोलणं माहीतच नव्हतं.

"फुडे चल," ते म्हणाले.

"मी? फुडे?"

"व्हय. माका तुजी चाल बघूची आसा. इतकी वर्सां झाली, बघूकच नाय."

काकीने पदर नीट केला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि नवरा येतो आहे की नाही ते पाहायला मान वळवली. पुन्हा चार पावलं चालली, पुन्हा वळली. होडीवाल्याने मला हाक मारली. मी चढले. आमची होडी खाडीत शिरेपर्यंत त्या मोकळ्या पुळणीवरून भिकाबांचा आवाज येत होता.

"मागे बघू नको गो! मी आसंय!"